एकच वकीलपत्र

१९९५ सालच्या विधानसभा निवडणुकीत गणपतराव देशमुख सांगोल्यातून १९२ मतांनी हरले. माणदेशातल्या एखाद्या बऱ्या वस्तीवर याहून जास्त मतदार निघतील. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते. १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले त्याला तेहेतीस वर्षं होऊन गेली होती, आणि ज्या शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन ते उभे राहत, तो पक्ष राज्यभर मागे हटत चालला होता. अशा वयात असा पराभव झाला की सत्कार स्वीकारायचे आणि घरातल्या कुणाला तरी पुढे करायचं, ही आपल्याकडची रीत. गणपतराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, १९९९ला पुन्हा स्वतः उभे राहिले आणि निवडून आले. मग २००४ला, २००९ला, २०१४ला. आधीचे सात आणि हे चार मिळून अकरा विजय. अकराही एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून. महाराष्ट्रात हे दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाही.

विक्रम म्हणून ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ३० जुलै २०२१ला सोलापुरात ते गेले, तेव्हा प्रत्येक बातमीत तो अकराचा आकडा होताच. मला मात्र त्यांचा विचार करताना आमदार होण्याआधीचा माणूस आठवतो. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, कायदा शिकलेला, सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्याच्या गावी वकिली करायला आलेला एक तरुण. पुढची पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी जे राजकारण केलं त्याचं मूळ त्या वकिलीत आहे, असं मला मनापासून वाटतं. एका तालुक्याचं वकीलपत्र त्यांनी घेतलं आणि शेवटपर्यंत ते दुसऱ्याच्या हाती दिलं नाही की दुसऱ्या अशिलाचं घेतलं नाही.

तालुका कोर्टातली वकिली मी जवळून पाहिली आहे. माझे एक मामा सोलापूर जिल्ह्यातल्याच एका कनिष्ठ स्तर न्यायालयात आयुष्यभर वकील होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या कार्यालयात बसायचो. एक टेबल, दोन बाकं, भिंतीला टेकवलेले लाल फडक्यात बांधलेले कागद आणि दारात काढलेल्या चपला. येणारा पक्षकार कधीच मुद्द्याचं आधी सांगत नसे. आजोबांपासून सुरुवात करायचा. कुणी कुणाला कधी विहिरीचं पाणी दिलं होतं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, भावकीतलं कोण कुणाच्या सांगण्यावर चालतं, हे सगळं ऐकून झाल्यावर मग पिशवीतून सातबाराचा उतारा निघायचा. मामा त्याला मध्ये कधी तोडत नसत. सगळं ऐकून घ्यायचे, मग चष्मा लावून फेरफाराचा नंबर बघायचे आणि दोनच प्रश्न विचारायचे. बहुतेक वेळा त्या दोन प्रश्नांत दाव्याचा निकाल दडलेला असायचा. तासाभराची ती हकिगत ऐकल्याशिवाय ते दोन प्रश्न सुचणार नव्हते, हे मला फार उशिरा उमगलं.

मोठ्या शहरातल्या वकिलाकडे प्रकरण येतं ते खालच्या कोर्टातून चाळून, कागदावर उतरून. तालुक्याच्या वकिलाकडे माणूस येतो तो आपल्या अख्ख्या आयुष्यानिशी. बांध कोरला, वाट अडवली, खातेफोड झाली नाही, सावकारानं कागद करून घेतला, वारसाची नोंद राहिली, मोटरीची केबल कापली. यातलं काही दिवाणी न्यायाधीशापुढे जातं, काही तहसीलदारापुढे, काही प्रांताकडे अपिलात. त्यामुळे तालुक्यातला वकील कायद्याइतकाच शासनाचा कारभार ओळखून असतो. कोणता कागद कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, हे त्याला पुस्तक न उघडता सांगता येतं.

गणपतराव राजकारणात उभे राहिले तो काळ तर याहून वेगळा. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८चा, पण त्याचा खरा दणका बसला तो १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी. त्या तारखेला जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचं खरेदीदार मानलं गेलं. कागदावर हे एका वाक्यात झालं. गावात मात्र प्रत्येक शेतावर भांडण उभं राहिलं. कूळ होतं की नव्हतं, पीकपाहणीत नाव कुणाचं, मालकानं कुळाकडून जमीन सोडल्याचा राजीनामा लिहून घेतला तो दमदाटीनं की राजीखुशीनं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आपण इतकी वर्षं ही जमीन कसतो आहोत हे कागदावर सिद्ध करायचं होतं. त्या वर्षांत तालुक्याच्या गावी बसलेल्या वकिलापुढे दोन वाटा होत्या. एक मालकाच्या बाजूची, जिथं फी मिळत होती. दुसरी कुळाच्या बाजूची. शेतकरी कामगार पक्षाचा तरुण वकील कोणत्या बाकावर बसणार हे सांगायला नको. हा पक्ष निघालाच होता शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या पिढीनं काँग्रेसमध्ये शेतकऱ्याचं ऐकलं जात नाही म्हणून बाहेर पडून. १९६२ला सांगोल्यानं ज्याला मुंबईला पाठवलं त्याला लोकांनी आधी कचेरीच्या आवारात पाहिलेलं होतं.

महाराष्ट्राच्या राजकारणात तालुक्याच्या वकिलांची ही एक मोठी रांगच आहे. यशवंतराव चव्हाण कराडला वकिली करत होते. वसंतराव नाईकांनी अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली सुरुवात केली आणि मग पुसदला जम बसवला. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील, अलिबागचे दत्ता पाटील हे शेकापचेच, दोघेही वकील, आणि दोघांच्याही बोलण्याचा विधानसभेत धाक होता. यातले काही जण मुंबईचे झाले, यशवंतराव दिल्लीपर्यंत गेले आणि त्यांनी मोठी कामं केली. त्यांच्याबद्दल आदरच आहे. गणपतरावांचं वेगळेपण इतकंच की ते दोनदा मंत्री झाले, १९७८च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, आणि दोन्ही वेळा पुन्हा विरोधी बाकावर येऊन आपल्या जुन्या कामाला लागले. मंत्रिपद त्यांच्या आयुष्यात मधल्या मुक्कामासारखं होतं. त्यांचं घर विरोधी बाकांवर होतं.

त्या बाकांवर बसून नक्की काय करता येतं, हे आज लोकांना सांगावं लागतं. टीव्हीवर विधानसभा दिसते ती पायऱ्यांवरच्या घोषणांपुरती. आत एक वेगळंच काम चालतं आणि ते कोर्टाच्या कामाच्या फार जवळचं आहे. तारांकित प्रश्नच घ्या. त्याची घडण ठरलेली असते. अमुक तालुक्यातल्या अमुक पाझर तलावाचं काम अपुरं आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? मंत्र्याचं उत्तर छापून येतं. बऱ्याचदा पहिल्यालाच ‘नाही’ आणि पुढच्या सगळ्यांना मिळून ‘प्रश्न उद्भवत नाही’. ज्याला उलटतपासाची सवय आहे तो इथं थांबत नाही. त्याच्या हातात गावच्या तलावाचं मोजमाप असतं, मजुरीचे हजेरीपट असतात, मागच्या अधिवेशनात याच खात्यानं दिलेलं वेगळं उत्तर असतं. तो उपप्रश्न विचारतो. आवाज चढवत नाही, कारण साक्षीदारावर ओरडलं की साक्षीदार सावध होतो. एका उपप्रश्नावर मंत्री ‘माहिती घेऊन पटलावर ठेवतो’ म्हणाला, की ते शब्द कार्यवाहीत जातात. पुढच्या अधिवेशनात तेच शब्द पुरावा म्हणून वाचून दाखवता येतात.

लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. ही हत्यारं प्रत्येक आमदाराला सारखीच मिळतात. ती वापरायला आदल्या रात्री जागून नियम आणि कागद वाचावे लागतात. गणपतराव वाचून येत. त्यांचं बोलणं फर्डं नव्हतं, त्यात टाळ्यांची वाक्यं नसत, आणि तरी नियमांचा पेच पडला की सभागृह त्यांच्याकडे बघे. विधिमंडळातल्या ज्येष्ठ पत्रकारांनी हे वारंवार लिहून ठेवलं आहे. एका माणसाच्या पक्षाचे मूठभर आमदार असताना त्याच्या शब्दाला हे वजन येतं ते अभ्यासातून. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

त्यांच्या आयुष्यातला जो भाग मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो, तो १९७२ ते १९७७ या पाच वर्षांचा आहे.

१९७२ला ते हरले. आणि हरले त्याच वर्षी महाराष्ट्रावर शतकातला भीषण दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला ते आजही खडी फोडण्याचं, सुकडीचं, गुरं सोडून देण्याचं सांगताना थांबून जातात. माणदेशाला दुष्काळ नवा नाही. इथं पावसाची सरासरीच पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पडेल तेव्हा. पण त्या वर्षी पिढ्यान् पिढ्या खिलार बैल सांभाळणाऱ्या घरांनी दावणी रिकाम्या केल्या. त्या दोन वर्षांत गणपतरावांना सभागृहात जागा नव्हती. सांगोल्यातून निवडून आलेल्या आमदारांच्या निधनानंतर १९७४ला पोटनिवडणूक झाली, आणि ते परत आत गेले. १९७७ला रोजगार हमीचं विधेयक विधिमंडळात आलं तेव्हा दुष्काळातली गावं ताजी डोळ्यांपुढे असलेला एक वकील सभागृहात बसलेला होता.

रोजगार हमी हे वि. स. पागे यांचं देणं. विधान परिषदेचे सभापती, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, तेही कायदा शिकलेले. तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली कल्पना दुष्काळात राज्यभर योजना म्हणून आली. काम मागणाऱ्याला काम, बस. पण योजना सरकारच्या मर्जीवर चालते. पैसे संपले की काम बंद. १९७७च्या कायद्यानं ही मर्जी काढून घेतली. अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला पंधरा दिवसांत काम द्यायचं, देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन त्यासाठी पैसा उभा करायचा. २६ जानेवारी १९७९ला कायदा अमलात आला. एकमतानं झालेला हा कायदा पुढे २००५च्या राष्ट्रीय कायद्याला वाट दाखवून गेला.

वकिली डोळ्यानं पाहिलं तर योजना आणि कायदा यांच्यात आभाळपाताळाचा फरक आहे. योजनेत मजूर अर्जदार असतो. कायद्यात तो हक्कदार होतो, आणि हक्कदाराला दाद मागता येते. कामाच्या मागणीचा अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची, या साध्या गोष्टीसाठी पुढची कित्येक वर्षं गावोगाव कार्यकर्ते भांडले, कारण पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? कचेरीत पोच द्यायला कारकून का कू करतो त्याचं कारणही तेच. सही-शिक्क्याच्या त्या चिटोऱ्यात एक भुकेलं घर आणि एक शासन यांचं नातं बदलतं. हे ज्याला तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात कळलेलं असतं, तोच विधेयकाच्या कलमात ‘देता येईल’च्या जागी ‘दिले पाहिजे’ यावं म्हणून जीव टाकतो.

या कायद्याचा सांगोल्यातला पुढचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. १९९०ला राज्यानं रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, आणि त्याची मजुरी रोजगार हमीतून. खडी फोडणारे हात आपल्याच बांधाच्या आत राबू लागले. कमी पाण्यावर तगणारं डाळिंब या मातीला मानवलं. आधी गणेश हा वाण, मग भगवा. बघता बघता बाजरी-मटकीचा तालुका डाळिंबाचा तालुका झाला. २८ डिसेंबर २०२०ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. ज्या स्टेशनावरून एके काळी माणसं पोट भरायला बाहेर पडत, तिथून फळं जायला लागली. अलीकडच्या वर्षांत तेल्या, मर आणि खोडकिडीनं बागाच्या बागा उभ्या वाळल्या, कितीतरी शेतकऱ्यांनी झाडं उपटून टाकली. तेव्हा ही गोष्ट सुखाच्या शेवटाशी थांबलेली नाही.

एसटीची गोष्ट सगळे सांगतात. एसटी गाडीत आमदारांसाठी एक आसन राखीव असतं, आणि त्यावर आमदाराला बसलेलं कुणी पाहत नाही. गणपतराव बसत. त्यांच्या साधेपणाच्या अशा पुष्कळ आठवणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी मला त्या फार पुढे आणाव्याशा वाटत नाहीत. साधेपणाच्या कौतुकात आपण कामाला झाकून टाकतो. माणूस एसटीनं हिंडला याचं आपल्याला इतकं नवल वाटतं, की एसटीत बसून त्यानं काय वाचलं, उतरल्यावर कुणाला कोणता प्रश्न विचारला, हे विचारायचं राहून जातं. उद्या एखादा आमदार साधा राहिला आणि विधेयक न वाचता हात वर करत राहिला, तर त्याचा साधेपणा तालुक्याला काय कामाचा? सांगोल्यात त्यांनी उभारलेल्या सूतगिरणीबद्दल मी जास्त ऐकू इच्छितो. कापूस हे जिथलं मुख्य पीक नाही तिथं शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी सूतगिरणी उभी करणं आणि राज्यातल्या अनेक गिरण्यांना कुलुपं लागत असताना ती चालती ठेवणं, यात रोजच्या रोज हिशोब तपासणारं कुणीतरी असावं लागतं.

आणि पाणी. या माणसाच्या आयुष्याचा अर्ध्याहून जास्त भाग या एका दाव्यात गेला.

कृष्णेच्या पाण्याचं वाटप बच्छावत लवादानं केलं, महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) मिळालं, आणि मे २०००पर्यंत ते अडवून वापरात आणायचं असं वर्षानुवर्षं बजावलं जात होतं. नदी खाली सांगली-कोल्हापुराकडून वाहणार, आणि माणदेश वर, उंचावर. पाणी उचलून आणल्याशिवाय येणार नव्हतं. कराडजवळ टेंभूला बंधारा घालून टप्प्याटप्प्यानं पाणी वर चढवायचं, ते आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचं, ही योजना कागदावर आली. ती कागदावरून खाली उतरावी म्हणून वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी पुढे झाले. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत दरवर्षी भरू लागली. प्रतिसरकारात लढलेले अण्णा, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर आणि सांगोल्याचे आबा एका मांडवात. अण्णांचा स्वतःचा तालुका पाण्यानं समृद्ध, त्यांना यातलं थेंबभर नको होतं. वरच्या माणसांसाठी खालचा माणूस उभा राहिला, ही गोष्ट मला आजही बळ देते.

तिथली मागणीसुद्धा नुसती ‘आम्हाला पाणी द्या’ अशी नव्हती. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही रीत मोडून प्रत्येक कुटुंबाला समान पाणी, भूमिहीनालासुद्धा त्याचा वाटा, असं समन्यायी वाटपाचं तत्त्व त्या मांडवात मांडलं गेलं. कूळकायद्यानं जमिनीचा हक्क कसणाऱ्याकडे आणला. हे पुढचं पाऊल होतं. दर वर्षी तेच ठराव, मग मोर्चे, मग मुंबईत-नागपुरात त्यावर प्रश्न, लक्षवेधी, मंत्र्यांच्या दालनातल्या बैठका. दिवाणी दावा तीन पिढ्या चालतो असं म्हणतात. वकील तारखेला हजर राहिला नाही तर मात्र तो एका दिवसात काढून टाकला जातो. आबांनी तारीख चुकवली नाही. टेंभूचं पाणी सांगोला तालुक्यातल्या बुद्धेहाळच्या तलावात आलं, माण नदीत आलं. उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के भार शासनानं घ्यायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यानं, असं सूत्रही ठरलं. सगळ्या वाड्या-वस्त्यांना पाणी मिळालं असं अजून म्हणता येत नाही. २०१२-१३ला आणि पुन्हा २०१८-१९ला याच तालुक्यात चारा छावण्या लावाव्या लागल्या.

इथं एक प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. अकरा वेळा निवडून येऊन जर तालुक्याला पाण्यासाठी इतकी वर्षं थांबावं लागलं, तर उपयोग काय झाला? सत्तेतल्या पक्षात गेले असते तर? मी यावर खूप विचार केला आहे. सत्तेबरोबर जाऊन काही बंधारे, काही रस्ते लवकर मिळाले असते, हे खरं. पण तेरा तालुक्यांचा एकत्र दावा, भूमिहीनाचा वाटा, रोजगाराचा हक्क या गोष्टी सत्तेच्या बाकावरून मागता येत नाहीत. तिथं मंजुरी मिळते. तत्त्व बाहेरूनच मांडावं लागतं. माझा कौल त्यांच्या बाजूनं आहे.

पक्षाबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही. त्यांच्या हयातीत शेकाप राज्यव्यापी पक्षाचा आटत आटत सांगोला आणि रायगडापुरता राहिला. नवी पिढी, विशेषतः बायका, पुढे आणण्यात हा पक्ष कमी पडला. रोजगार हमीच्या कामावर बायकाच जास्त होत्या, आणि व्यासपीठावर त्या अपवादानं दिसल्या. आणि २०१९ला आबांनी वयामुळे निवडणूक लढवली नाही तेव्हा उमेदवारी गेली ती नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुखांकडे. ७६८ मतांनी ते हरले, शहाजीबापू पाटलांकडून, म्हणजे ज्यांनी १९९५ला आबांना १९२ मतांनी हरवलं होतं त्यांच्याचकडून. २०२४ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापचेच उमेदवार म्हणून निवडून आले आणि सांगोल्याचा लाल बावटा विधानसभेत परतला. त्यांच्या कामावर बोलायला अजून वेळ आहे. पण ज्या पक्षानं घराणेशाहीविरुद्ध इतकं बोलावं, त्यानं चळवळीतला एखादा दुसरा कार्यकर्ता घडवून ठेवायला हवा होता, असं मला फार वाटतं.

मधल्या काळात, जून २०२२ला, सांगोल्याचं नाव सगळ्या देशात पोहोचलं ते आमदार शहाजीबापूंच्या गुवाहाटीतल्या त्या फोनमुळे. डोंगार, झाडी, हाटील. बोलण्यात माणदेशी गोडवा होता, लोकांना आवडलं, गाणी झाली. मला मात्र आत कुठंतरी लागलं. सांगोला म्हटल्यावर परगावच्या माणसाला एवढंच आठवावं? पोच मागणारी बाई, पाणी परिषदेतली गर्दी, सभागृहातला तो शांत उपप्रश्न, यातलं काही त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. ते पोहोचवायचं काम आपलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या भाचीनं हल्लीच तालुक्याच्या कोर्टात वकिली सुरू केली. मामांची ती नात. विधिमंडळाच्या चर्चा आता घरबसल्या वाचता येतात, तिला म्हटलं १९७७पासून सुरुवात कर, रोजगार हमीच्या विधेयकापासून. ती वाचते आहे. पण तिच्या डोक्यात सध्या दुसरंच आहे. तिच्याकडे शेतरस्त्याची प्रकरणं येतात. शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, आणि तो अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. वाट अडवणाऱ्याला हे ठाऊक असतं. घर परत येतं तोवर मुदत गेलेली असते किंवा जायला आलेली असते. भाचीचं म्हणणं, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी ही मुदत गावात परतल्याच्या तारखेपासून मोजली जावी. तिनं कलमाची दुरुस्ती एका कागदावर लिहून काढली, मला दाखवली. दोन ठिकाणी शब्द सैल होते, ते आम्ही बसून घट्ट केले. परतल्याची तारीख सिद्ध कशी करायची, यावर बराच वेळ गेला. मुकादमाचा दाखला चालणार नाही, तो कुणाच्या बाजूनं देईल सांगता येत नाही. शाळेतल्या मुलांची हजेरी चालेल, असं तिचं मत पडलं. मंत्री नसलेल्या विधानसभेच्या कुठल्याही सदस्याला अशासकीय विधेयक मांडता येतं. तिच्या मतदारसंघातल्या आमदारांना तिनं तो कागद हातानं नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.